तीन टेरी

आमची ताई फोन करते तेव्हा फोन कशासाठी केला हे पहिली पाच मिनिटे सांगत नाही. आधी डाळीचे भाव होतात, मग शेजारणीच्या सुनेचे डोहाळजेवण होते, आणि मग एकदम आवाज खाली येतो. त्या दिवशी तो खाली आला तेव्हाच मी ओळखले, की विषय दाजींचा आहे.

"यांच्या छातीचा फोटो काढला," ताई म्हणाली.

"चांगला आलाय का?" मी विचारले.

विनोदी लिहिण्याची सवय तंबाखूसारखीच वाईट. नको तिथे तोंडात येते. ताई हसली नाही. म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, आता सिगरेट सुटली तर बरं, नाहीतर पुढचं मी बोलत नाही. मी सांगून दमले, मुलं सांगून दमली. तू पेपरात लिहितोस ना? मग यांना पटेल असं काहीतरी लिहून दे."

आता जाहिरात कंपनीतल्या माणसाला लाख गिऱ्हाइकांसाठी एक जाहिरात लिहायची असते. लाखातले दहा हजार गळाला लागले तरी त्याला बढती मिळते. मला एका गिऱ्हाइकासाठी लिहायची होती. आणि गिऱ्हाईक कोण, तर आमचे दाजी!

दाजींनी चाळीस वर्षे विम्याची एजन्सी केली. माणूस मर्त्य आहे, ही गोष्ट त्यांनी जितक्या लोकांना जितक्या तऱ्हांनी सांगितली, तितकी एखाद्या कीर्तनकारानेही सांगितली नसेल. आणि प्रत्येक वेळी सांगून झाल्यावर खाली उतरून टपरीच्या पेटत्या सुतळीवर एक सिगरेट शिलगावली. अशा माणसाला पटवायला जाणे म्हणजे न्हाव्याची हजामत करायला जाण्यापैकी होते. तरी मी गेलो. म्हटले, "दाजी, तुम्ही लोकांना मरणाची भीती घालून विमे विकलेत. आता मी तुम्हाला तशी भीती घालणार आहे."

"तिथंच चुकतोस," दाजी म्हणाले. "भीती घालून मी एकही पॉलिसी विकली नाही. भीती घातली की माणूस चहा पाजतो आणि वाटेला लावतो."

"मग काय सांगायचात?"

"ते धंद्यातलं गुपित आहे. मेहुण्याला फुकट सांगायचं नाही." एवढे बोलून ते खोकले. बराच वेळ खोकले. आतल्या खोलीतून त्यांची पाच वर्षांची नात धावत आली आणि टाळ्या पिटत म्हणाली, "आजोबा, भूत आलं?"

झाले होते असे, की दाजी तिला रोज रात्री पिंपळावरच्या भुताची गोष्ट सांगत, आणि गोष्ट सांगताना हमखास त्यांना खोकला येई. पोरीची समजूत अशी, की खोकला भुताचाच आहे. एकदा ताईने तीच गोष्ट सांगितली, तर ती म्हणाली, "आजी, तुझं भूत खोकत नाही. मला आजोबांचंच भूत पाहिजे."

मी घरी आलो आणि इतिहास उघडला. शहाणा माणूस स्वतःचे डोके चालवण्याआधी दुसऱ्यांची डोकी कुठे आपटली ते पाहतो. तेव्हा असे दिसले, की 'ओढू नका' असे सांगण्याचा धंदा जवळजवळ ओढण्याच्या धंद्याइतकाच जुना आहे. फरक एवढाच, की तो बराच काळ तोट्यात चालला. या इतिहासात मला तीन टेरी भेटले. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण माझ्या शोधाचे तीन अंक त्यांच्याच नावावर आहेत. त्यांच्याआधी नांदीला राजेलोक आहेत.

इंग्लंडचा पहिला जेम्स हा राजा असून लेखक होता. १६०४ साली त्याने तंबाखूविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. डोळे, नाक, मेंदू आणि फुप्फुसे अशा सगळ्या अवयवांच्या वतीने त्याने तीत तक्रार नोंदवली. फुप्फुसांची तक्रार डॉक्टरांच्या पुराव्यानिशी सिद्ध व्हायला पुढे साडेतीनशे वर्षे लागली, तेव्हा राजा तसा दूरदृष्टीचा. पण नुसत्या वाङ्मयाने काही होत नाही हे लेखक असल्यामुळे त्याला ठाऊक असावे. त्याने जकात वाढवली. पौंडामागे दोन पेन्स होती, ती सहा शिलिंग दहा पेन्स केली. म्हणजे एकेचाळीसपट! लोकांनी पुस्तिका बाजूला ठेवली आणि माल चोरून आणायला सुरुवात केली. गंमत पुढेच आहे. अमेरिकेत इंग्रजांनी १६०७ साली जी वसाहत घातली तिला या राजाचेच नाव दिले, जेम्सटाउन; आणि ती उपाशी मरायची वाचली ती कशावर, तर १६१२ पासून तिथे लावलेल्या तंबाखूवर! ज्याने निषेध करायचा, त्याच्याच नावाने दुकान.

त्याच सुमाराला आपल्या बाजूलाही असाच प्रवेश चालला होता. पोर्तुगिजांनी आणलेली तंबाखू दख्खनेत रुळली होती. अकबर बादशहाचा असदबेग नावाचा वकील विजापूरला गेला होता, तो परतताना तंबाखू आणि एक जडावाची चिलीम घेऊन गेला. बादशहाने दोन झुरके घेतले. हकीम मध्ये पडला. आमच्या ग्रंथांत हिचे नाव नाही, ही घेऊ नये, असे त्याचे म्हणणे. असदबेग म्हणाला, ग्रंथात नसलेली गोष्ट कधीतरी नवी असतेच. वाद छान रंगला. बादशहाने चिलीम बाजूला ठेवली. पण वाद ऐकायला जमलेल्या अमीर-उमरावांनी असदबेगाकडे मागणी नोंदवली. पुढे १६१७ साली जहांगीराने तंबाखूबंदीचे फर्मान काढले. हा जहांगीर स्वतः मद्य आणि अफू यांत किती बुडालेला होता, ते त्यानेच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. रयतेने काय म्हटले असेल ते कुठे नोंदलेले नाही, पण मला ते ऐकू येते. काय सांगितले ते मागून. कोण सांगतो आहे ते माणूस आधी पाहतो.

तुर्कस्तानच्या चौथ्या मुरादने तर १६३३ साली ओढणाऱ्याला देहदंड ठेवला. याहून कडक जाहिरात काय असणार? तरी तुर्कस्तानात तंबाखू राहिली. मुराद गेला.

राजमार्गाचा प्रयोग आमच्याकडेही झाला. ताईने फर्मान काढले, की घरात सिगरेट चालणार नाही. दाजींनी ते शिरसावंद्य मानले. डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे, असे म्हणून ते दिवसातून चारदा चालायला जाऊ लागले. टपरी चारशे पावलांवर. येऊन-जाऊन आठशे. तब्येतीला उत्तम.

मग मी शत्रूच्या गोटात डोकावलो. 'ओढा' असे सांगणारे कसे सांगतात? तिथे एडवर्ड बर्नेज नावाचा उस्ताद भेटला. अमेरिकेत तेव्हा बायकांनी रस्त्यावर सिगरेट ओढणे वाईट दिसे. म्हणजे सिगरेट कंपनीच्या दृष्टीने निम्मी गिऱ्हाइके वाया जात होती. बर्नेजने १९२९ साली ईस्टरच्या रविवारी न्यूयॉर्कच्या मिरवणुकीत काही तरुणींना सिगरेटी पेटवायला लावल्या आणि वर्तमानपत्रांना सांगितले, की या स्वातंत्र्याच्या मशाली आहेत! सिगरेट चांगली की वाईट, याबद्दल अवाक्षर नाही. आता ओढली नाही तर आपण मागासलेले, असे त्या बायांना वाटले. असा हा पटवण्याच्या विद्येचा आद्य गुरू घरी मात्र बायकोची सिगरेट सुटावी म्हणून तिच्या पाकिटातल्या सिगरेटी मोडून फेकीत असे. हे वाचून मला फार बरे वाटले. घरच्या माणसाला पटवणे बर्नेजलाही जमत नव्हते, मग मी कोण?

१९४६ साली तर एका कंपनीने जाहिरात केली, की डॉक्टरलोक आमचीच सिगरेट सर्वांत जास्त ओढतात. त्यानंतर चारच वर्षांनी, १९५० साली, लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी इस्पितळांतल्या रोग्यांच्या मुलाखती घेऊन फुप्फुसाचा कॅन्सर आणि सिगरेट यांचे नाते दाखवून दिले. त्या पाहणीतले आकडे पाहून पहिला बदलला तो डॉल स्वतः. त्याने काम चालू असतानाच सिगरेट सोडली आणि तो ब्याण्णव वर्षे जगला. स्वतःच्या निबंधाचा स्वतःवर परिणाम झालेला हा विद्वान मला फार थोर वाटतो.

इथे आपला पहिला टेरी प्रवेश करतो. ल्यूथर टेरी, अमेरिकेचा सर्जन जनरल. ११ जानेवारी १९६४ रोजी त्याने सरकारी अहवाल जाहीर केला. वार शनिवार. मुद्दाम शनिवार, कारण त्या दिवशी शेअरबाजार बंद असतो, आणि बातमी फुटल्याबरोबर सिगरेट कंपन्यांचे भाव कोसळू नयेत! दहा तज्ज्ञांच्या समितीने सात हजारांवर लेख चाळले होते. निष्कर्ष स्वच्छ होता. समितीतले निम्मे सभासद स्वतः ओढणारे होते, ही गोष्ट वेगळी. अमेरिका हादरली. काही महिने खप घसरला. मग हळूहळू पुन्हा वर आला.

मी आकड्यांचा भारा घेऊन दाजींकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"हे मला पाठ आहे," ते म्हणाले. "विम्याच्या अर्जात 'धूम्रपान करता का?' असा रकाना असतो. हजारो लोकांना मी तो प्रश्न विचारला. त्यावरून हप्ता कसा वाढतो तेही मला ठाऊक आहे. पण तुला एक सांगतो, आकडा नेहमी दुसऱ्याचा असतो. शंभरातले इतके मरतात म्हटलं, की ऐकणारा लगेच उरलेल्यांत जाऊन बसतो. आता माझे आजोबा चिलीम ओढून एक्क्याण्णव—"

हे आजोबा प्रत्येक घरात असतात. तंबाखू कंपन्यांनी त्यांचे पुतळे उभारायला हवेत.

पहिल्या टेरीच्या अहवालामुळे पाकिटावर इशारा आला. अमेरिकेत १९६६ पासून छापू लागले, की सिगरेट आरोग्याला घातक असू शकते. 'असू शकते'! ज्योतिषीसुद्धा याहून ठाम बोलतो. आपल्याकडे १९७५ साली कायदा झाला आणि पाकिटावर वैधानिक इशारा आला. तो वाचायला चष्मा लागे, आणि चष्मा लागण्याच्या वयापर्यंत सवय पक्की झालेली असे. पुढे २००३ साली नवा कायदा झाला आणि ३१ मे २००९ पासून चित्रे आली. सिगरेटच्या पाकिटावर फुप्फुसे, आणि खायच्या तंबाखूच्या पुडीवर विंचू.

विंचू का, हे काढणाऱ्यालाच माहीत. त्याच्या मनात डंख असेल, मरण असेल. पण आपल्याकडे बिडीपासून साबणापर्यंत सगळ्यावर काहीतरी छाप असतोच. घोडा छाप, उंट छाप, तसा हा विंचू छाप. चित्र बघून घाबरण्याऐवजी माणसाने दुकानदाराला सांगावे, की बाबा, कालचीच दे, विंचवाची!

आणि फुप्फुसांच्या चित्रातून उगवला आपला दुसरा टेरी. २०१२च्या जानेवारीत असा बोभाटा झाला, की भारतातल्या सिगरेटच्या पाकिटांवर काळ्या फुप्फुसांमागे जो पुसट चेहरा दिसतो, तो इंग्लंडचा फुटबॉलपटू जॉन टेरी याचा आहे! बिचारा मैदानावर नव्वद मिनिटे धावणारा माणूस. त्याच्या बाजूच्या लोकांनी कायद्याची भाषा सुरू केली. ज्या चित्राने लोकांच्या पोटात गोळा यायचा, ते चित्र लोक 'खरंच तोच आहे का रे?' म्हणून कौतुकाने न्याहाळू लागले. पहिल्या टेरीकडे आकडा होता, दुसऱ्याकडे नुसता चेहरा. आकड्याला चेहरा नव्हता आणि चेहऱ्याला गोष्ट नव्हती.

तेव्हापासून आपण सुधारलो. १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाचा शंभरातला पंच्याऐंशी भाग इशाऱ्याने व्यापला. ऑस्ट्रेलियाने तर २०१२च्या डिसेंबरपासून सगळ्या पाकिटांना एकच मळकट तपकिरी रंग लावला. आधी त्याला ऑलिव्ह हिरवा म्हणत होते, पण तिथल्या ऑलिव्ह पिकवणाऱ्यांनी तक्रार केली, की आमच्या फळाची बदनामी होते. मग नाव बदलले. या उपायांनी फायदा होतो, हे मी नाकारत नाही. पण दाजींना नाही. दाजी पाकीट घेतच नाहीत. सुटी घेतात! सुट्या सिगरेटीवर ना चित्र, ना इशारा, ना विंचू. महाराष्ट्र सरकारने २०२० साली सुट्या विक्रीला बंदी केली. ती बंदी आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याने वाचलेली दिसली नाही.

एवढे झाल्यावर मी अमेरिकेतल्या टीव्हीकडे वळलो, आणि तिथे मला पहिल्यांदा उजेड दिसला. १९६६ साली जॉन बॅन्झाफ नावाच्या सव्वीस वर्षांच्या वकिलाने टीव्हीवर सिगरेटच्या जाहिराती पाहिल्या आणि तक्रार केली, की वादाच्या प्रश्नावर दोन्ही बाजू दाखवायचा नियम आहे, मग दुसरी बाजू कुठे आहे? १९६७ साली सरकारी आयोगाने ती मान्य केली. साधारण तीन सिगरेटच्या जाहिरातींमागे एक विरोधी, तीही फुकट! आणि खप खरोखर घसरू लागला. तेव्हा कंपन्यांच्या लक्षात आले, की आपण बोललो तर तोही बोलतो. टीव्हीवर सिगरेटच्या जाहिरातींना बंदी घालायचा कायदा आला तेव्हा त्यांनी फार आरडाओरडा केला नाही. २ जानेवारी १९७१ पासून जाहिराती बंद झाल्या. त्यांच्याबरोबर विरोधी जाहिरातीही बहुतेक गेल्या. आणि खप पुन्हा वर गेला! भांडण बंद करण्यासाठी दोघांनाही गप्प बसवले की नेहमी अपराध्याचे फावते, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला सांगायला नको.

त्या फुकटच्या जाहिरातींत विल्यम टॅलमन नावाच्या नटाची एक होती. टीव्हीवरच्या एका वकिली मालिकेत तो सरकारी वकील होई, आणि नायक वकील पेरी मेसन असल्यामुळे तो जवळजवळ प्रत्येक आठवड्याला खटला हरे. त्याला फुप्फुसाचा कॅन्सर झाला. १९६८ साली तो कॅमेऱ्यापुढे आला. आपले घर दाखवले, बायको दाखवली, मुले दाखवली, आणि म्हणाला, की मी पडद्यावर नेहमी हरत आलो, पण ही लढाई मला हरायची नाही. त्या ऑगस्टमध्ये तो वारला. जाहिरात लोकांनी पाहिली ती तो गेल्यावर. यात आकडा नाही, शिव्या नाहीत, 'असू शकते' नाही. एक हरणारा माणूस आहे आणि मागे त्याची मुले खेळत आहेत.

नुसता उपदेश आणि हे, यांतला फरक पुढे मोजूनही झाला. १९९८ साली एका मोठ्या सिगरेट कंपनीने मुलांसाठी स्वतःच जाहिराती काढल्या. सार असे, की विचार करा, ओढू नका. त्याच वर्षी फ्लोरिडात पोरांनी पोरांसाठी चळवळ चालवली. तिचे सार असे, की ही मोठी माणसे तुम्हाला बनवून पैसे करताहेत. पुढे ती देशभर गेली. २०००च्या सुमारास त्यांनी न्यूयॉर्कमध्ये सिगरेट कंपनीच्या दारात प्रेते गुंडाळायच्या बाराशे पिशव्या रचल्या. तंबाखूने देशात रोज मरणाऱ्यांइतक्या. फ्लोरिडात मधल्या शाळेतल्या ओढणाऱ्या मुलांचे प्रमाण दोन वर्षांत शेकडा साडेअठरावरून अकरावर आले. आणि कंपनीच्या जाहिराती पाहिलेल्या मुलांचे काय? पाहणी करणाऱ्यांना आढळले, की ती सिगरेटकडे उलट थोडी जास्तच झुकली होती. कोणत्याही मास्तरला विचारा. 'चावट मुलांनो, खिडकीबाहेर बघू नका' म्हटल्यावर वर्गात काय होते ते तो सांगेल.

आपल्याकडे २ ऑक्टोबर २०१२ पासून सिनेमाच्या आधी अशा जाहिराती दाखवणे सक्तीचे झाले. स्पंजासारखी फुप्फुसे पिळून काळे डांबर काढणारा तो हात. मूळचा ऑस्ट्रेलियातला, १९७९ सालचा. आणि दुसरा आपल्या भुसावळचा मुकेश. गुटखा खाऊन तोंडाचा कॅन्सर झाला आणि २००९ साली, चोविसाव्या वर्षी, मुंबईत टाटा हॉस्पिटलमध्ये गेला. पहिल्यांदा पाहिले तेव्हा आमच्या थिएटरात कोणी हलले नाही. विसाव्यांदा पाहिले तेव्हा पोरे त्या निवेदकाच्या आवाजाची नक्कल करीत होती. दोष मुकेशचा नाही. सरकारने त्याची रोजची आरती केली. आरतीत शब्दांकडे कोणाचे लक्ष असते? प्रसाद कुठे आहे ते सगळे पाहतात.

आणि मग तिसरा टेरी. खरे तर तिसरी. टेरी हॉल. नॉर्थ कॅरोलिनातली बाई. वर्षानुवर्षे सिगरेट ओढून घशाचा कॅन्सर झाला, स्वरयंत्र काढावे लागले. २०१२ साली अमेरिकन सरकारने 'पूर्वी ओढणाऱ्यांच्या चार युक्त्या' अशा अर्थाच्या जाहिराती काढल्या, त्यांत ती आली. सकाळी आवरायचे कसे, ते ती सांगते. दात बसवते. केसांचा टोप घालते. गळ्याच्या भोकात बोलायचे यंत्र बसवते आणि वरून रुमाल बांधते. झाले, आता मी तयार! बस. एवढेच. 'ओढू नका' हे शब्दसुद्धा नाहीत. त्या एका मोहिमेमुळे सुमारे सोळा लाख लोकांनी सोडायचा प्रयत्न केला आणि त्यांतले निदान लाखभर कायमचे सुटले, असा नंतरचा अंदाज आहे.

२०१३ साली तिची आणखी एक जाहिरात आली. तीत तिची युक्ती अशी, की आपला आवाज आताच टेप करून ठेवा. मुलांना गोष्ट वाचून दाखवा, अंगाई म्हणा, आणि ते धरून ठेवा. मी तसे केले नाही. माझ्या नातवाने माझा हा यंत्रातला आवाजच ऐकला आहे, दुसरा नाही. त्याच सप्टेंबरात ती गेली. वय त्रेपन्न.

हे वाचले आणि मी लिहायला घेतलेला कागद फाडून टाकला. मी रचलेल्या ओळी त्यात होत्या. 'धूम्रपानाचा नाद, करी संसार बरबाद' वगैरे. अनुप्रास उत्तम होता.

संध्याकाळी दाजींकडे गेलो. ते नुकतेच चालून आले होते. मी त्यांना काही पटवले नाही. तिसऱ्या टेरीची गोष्ट सांगितली, जशी वाचली तशी. त्यांनी मध्ये आजोबांना आणले नाही. गोष्ट संपल्यावर एवढेच विचारले, "नातू केवढा होता म्हणालास?"

"लहान."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या त्या फोनवर आवाज धरता येतो ना? धर बघू. भुताची गोष्ट सांगतो."

मी फोन टीपॉयवर ठेवला. दाजींनी नातीला मांडीवर घेतले आणि पिंपळ उभा केला. अमावास्या आणली. फार सुरेख सांगतात. विमेवाल्याला आवाज असावाच लागतो. गोष्ट सात मिनिटांची झाली. मग ते म्हणाले, "लाव आता."

मी लावले. आपला आवाज दुसऱ्यासारखा ऐकायची कोणालाच सवय नसते. आधी ते हसत होते. मग फोनमधला माणूस खोकू लागला. दाजी सावरून बसले. पुन्हा पिंपळ, पुन्हा खोकला. शेवटच्या वेळी तर तो इतका लांबला, की भूत, अमावास्या, पिंपळ सगळे बाजूला राहिले आणि एक म्हातारा माणूस श्वास शोधतो आहे एवढेच ऐकू येत राहिले. मांडीवरची पोर टाळ्या पिटत होती. ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"हा असा खोकतो मी?" दाजींनी विचारले.

कोणी उत्तर दिले नाही. उत्तर टेपवर होते.

निघताना ते मला फाटकापर्यंत पोचवायला आले. टपरीच्या दिशेला वळले नाहीत. म्हणाले, "तुला गुपित पाहिजे होतं ना? ऐक. मरणाची भीती घालून माणूस सही करत नाही. फायद्याचा हिशेब सांगूनही करत नाही. अर्ज भरता भरता 'वारसाचे नाव' हा रकाना येतो ना, तिथं आपण गप्प बसायचं आणि पेन पुढं करायचं. तो नाव लिहितो. एकदा लिहिलं, की सही आपोआप होते."

मी चारशे वर्षांचा इतिहास पालथा घालून जिथे पोचलो होतो, तिथे हा माणूस चाळीस वर्षे रोज ऑफिसला जात होता!

यानंतर दाजींनी सिगरेट एका दिवसात सोडली असे मी लिहिले असते, तर वाचकांनी मला जाहिरात कंपनीत पाठवले असते. तसे झाले नाही. पहिले तीन आठवडे ते घरात वाघासारखे फिरत. ताई म्हणाली, ओढत होते तेव्हा बरे होते. मग एका लग्नात व्याह्यांच्या आग्रहाने एक ओढली, दुसऱ्या दिवशी चार. मग परत सोडली. डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, बडीशेप झाली, लवंग झाली. काडेपेटी ताईने देवघरात नेऊन ठेवली. आता तिच्यातली काडी फक्त समईला लागते. परवा आठ महिने झाले. छातीचा नवा फोटो काढला. 'फार चांगला नाही, पण बिघडलाही नाही,' असे डॉक्टर म्हणाले. विनोदी लेखकालाही याहून जास्त कौतुक क्वचितच मिळते.

तक्रार आहे ती एकट्या नातीची. गेल्या रविवारी तिने मला बाजूला घेऊन हळूच सांगितले, "मामाआजोबा, आजोबांचं भूत बिघडलंय. आता खोकतच नाही."

मी म्हटले, "बाळ, ते भूत दुसऱ्या झाडावर राहायला गेलं."

तिने थोडा विचार केला आणि विचारले, "परत येईल?"

मी दाजींकडे पाहिले. ते समोर बसून बडीशेप चघळत होते. म्हणाले, "सांग तिला, मी जागा आहे."